गोदामासारखं चर्च

लग्न होऊन भिवंडीच्या नारपोलीत आले तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आता पंचाहत्तरी जवळ आलीय आणि फारसं काही कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. एका फादरांनी आयुष्यभर एकच काम केलं, चर्चं बांधायचं. त्यातलं एक चर्च आमच्या वाट्याला आलं. गेल्या वर्षी ते माझ्या डोळ्यांदेखत मोडलं, आणि ते वाचावं म्हणून मी जे जे केलं त्याने ते जास्तच लवकर मोडलं. यात विनोद आहे. मला तो कळतो. हसू मात्र येत नाही.

माझं माहेर वसईकडचं. तिकडे चर्च म्हणजे समोर दोन मनोरे, आत बाकांच्या लांबच लांब रांगा आणि पार पलीकडच्या टोकाला सोनेरी नक्षीची उंच वेदी. फादर तिथे काय करतात ते मागच्या बाकावरून दिसायचं नाही, आणि ते दिसू नये अशीच आमची समजूत होती. नारपोलीत आले तर मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, एका बंद पडलेल्या लूमच्या कारखान्यात. जमिनीत माग बसवायचे बोल्ट तसेच वर आलेले. गुडघे टेकताना आधी बोल्ट चुकवायचा, मग देवाला आठवायचं. माझे यजमान लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग ठीक करणारे. त्यांना ते बोल्ट बघून बरं वाटायचं. मला रडू यायचं.

मग हे फादर आले. एका हातात ट्रंक आणि झग्याच्या खिशात मोजपट्टी. रोमला जाऊन शिकून आलेले. पण शिकले काय, तर उपासना कशी करावी, कुठे उभं राहावं, केव्हा गप्प बसावं, आणि ज्या घरात ती करायची ते घर कसं बांधावं. बस, एवढंच. जिथे चर्च नसेल तिथे बिशप त्यांना पाठवायचे. ते चर्च बांधायचे, लोकांना त्यात बसायला शिकवायचे, की बदली. नुकतीच तेव्हा मिस्सा लॅटिन सोडून मराठीत व्हायला लागली होती, आणि फादरांचं म्हणणं असं की भाषा बदलली आणि बसणं तेच ठेवलं तर उपयोग नाही.

पहिले दोन महिने त्यांनी एक वीट आणली नाही. संध्याकाळी लोकांच्या घरी जायचे, आणि तेही बरोबर जेवायच्या वेळेला. सासूबाई म्हणायच्या, "बिचाऱ्याला कुणी करून घालत नाही वाटतं." पण ते जेवायचे चिमणीएवढं. बघत बसायचे, कोण कुठे बसतं, ताट कुठून येतं, वाढणारी कुठून वळते. एकदा त्यांनी सासऱ्यांचा पाट आणि चूल यांच्यामध्ये मोजपट्टी धरली. सासरे घाबरून म्हणाले, "फादर, घर विकायचं नाही हो आम्हाला."

वर्षभरात चर्च उभं राहिलं. बुटकं, रुंद, कौलारू. मनोरा नाही. तीन बाजूंना तीन मोठे दरवाजे. आत एकही खांब नाही. मधोमध काळ्या दगडाची वेदी, आणि तिच्या तीन बाजूंनी अर्ध्या गोलात रुंद, बुटक्या पायऱ्या, त्यांवर चटया. वेदीच्या बरोबर वर छपरात काचेची कौलं, त्यामुळे सगळ्यांत जास्त उजेड तिथे. झालं चर्च.

मी आत पाऊल टाकलं आणि मोठ्याने म्हणाले, "अगंबाई, हे तर गोदाम!"

भिवंडीत तेव्हा आजच्यासारखी गोदामांची गावं वसलेली नव्हती, तरी शिवी म्हणून तो शब्द पुरेसा होता. माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. तिथे लपायला जागा नव्हती. मागची रांगच नाही, सगळेच पुढे. मी जांभई दिली तर वेदीच्या पलीकडे बसलेल्या सासूबाईंना दिसायची. उशिरा आलं की तीन दरवाज्यांपैकी कुठूनही शिरा, सगळे तोंडाकडे बघणार. आणि लिहायला लाज वाटते, पण लिहिते. पाड्यांवरून चालत येणाऱ्या बाया माझ्या चटईवर माझ्या शेजारी बसायच्या. मी मॅट्रिक पास. पायांत चांदीच्या मासोळ्या. त्यांच्या पायांना चिखल. खारबावच्या बाजूने येणारी एक म्हातारी मावशी होती, ती चटईवर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "आमी लगनात जेवायला आसंच बसतो. यात नवा काय हाय?" मला वाटलं, हेच तर, लग्नाच्या पंगतीसारखं चर्च! बाई माझ्या तोंडावर सगळं सांगून गेली आणि मी नाक मुरडून बसले.

मग मी अर्ज लिहिला. थेट बिशपांना. तेव्हा मला अर्ज लिहायचं वेड होतं. नळाला पाणी नाही, अर्ज. पोस्टमन उशिरा येतो, अर्ज. हा मात्र माझ्या सगळ्या अर्जांचा राजा. फुलस्केप कागद, निळी शाई, समास सोडलेला, सहा कलमं. 'सदर इमारत चर्चसारखी दिसत नसून तिला पाहून परधर्मीय हसतात.' कुणीही हसलं नव्हतं. शेजारचा लूमवाला तर म्हणाला होता की हवा छान खेळते. 'वेदी मध्यभागी असल्याने भक्तीत व्यत्यय येतो. ती भिंतीशी न्यावी व सोनेरी करावी. जमिनीवर बसणे सभ्य स्त्रियांस शोभत नाही, तरी बाके द्यावीत. छताला झुंबर असावे. मनोरा असावा, तो लांबून दिसावा.' खाली सह्या आणि अंगठे. यजमानांनी सही केली ती रात्रीच्या भाकरीकडे बघून.

पंधरा दिवसांनी फादर दारात. हातात माझा अर्ज. बिशपांनी तो त्यांनाच पाठवला होता, तुमचं काय म्हणणं ते कळवा म्हणून. मी पदर खोचला आणि तयार राहिले.

"अक्षर कुणाचं हे?"

"माझं," मी मान ताठ करून म्हणाले.

"एकही काना चुकलेला नाही. मोठ्याने वाचता येतं का?"

"का नाही येणार?"

"मग येत्या रविवारी मिस्सेत बायबलचं पहिलं वाचन तुम्ही करा, बाई."

मला वाटलं, मी जिंकले. इतकी मूर्ख होते. सासूबाई ओट्याशी हसत होत्या, त्यांना तेव्हाच कळलं होतं की मासा गळाला लागला. अर्ज फादरांनी फाडला नाही. त्यांनी तो नीट घडी करून चर्चच्या फाईलला लावला. ते कागद फाडणारे नव्हतेच. कुणी काही लिहिलंय म्हणजे ते राहिलं पाहिजे, असं त्यांचं मत. फाडला असता तर आज मला बरं झालं असतं.

शनिवारी ते मला वाचनाची तालीम द्यायचे. स्वतः लांबच्या दरवाज्यात उभे राहायचे. बाहेर लूमची खटाखट. मी ओरडून वाचायची. ते हात वर करायचे. "बाई, फेकू नका. वाढा." म्हणजे कसं, तर ताटात भात वाढल्यासारखं, समोरच्याने घेतला का बघायचं, मग पुढचा घास. वाचून झाल्यावर गप्प उभं राहायचं, दहा मोजून. मी तीन मोजून पळायची. "घाई कसली? लूम चालू आहेत की. ते तुमच्या वाटेचं बोलतील." त्यांना त्या खटाखटीचा राग कधी आला नाही. उलट शुक्रवारी ते खूश असायचे, कारण शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद. गुड फ्रायडेला आम्ही वेदीवरचं सगळं कापड काढून ठेवायचो, दगड उघडा, घंटा नाही, पेटी नाही, आणि बाहेरही सगळं गाव गप्प. फादर म्हणायचे, अशी शांतता रोमलाही मिळत नाही, तिथे गाड्या असतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला गोदाम बांधायचं नव्हतं. असं वाटलं, आणि मी ते लगेच विसरले. मला विसरायची चांगली सवय होती.

कारण त्यानंतरच मी एक पराक्रम केला. चर्चचा अभिषेक करायला बिशप आले होते. काय तो थाट! बिशपांनी बाह्या सावरल्या आणि वेदीच्या दगडावर पवित्र तेल ओतून दोन्ही हातांनी चोळलं, पार कोपऱ्यांपर्यंत, जसं बाळाला चोळतात तसं. मग धूप, मग पुसून पांढरं कापड. सोमवारी झाडलोटीला मी गेले, कापड उचललं, तर दगडावर तेलाचा हा एवढा डाग. आणि वास. मला कसंसंच झालं. पुरुषांना पुसता येत नाही, मला माहीत होतंच. मी घरून धुण्याचा सोडा आणला, नारळाची शेंडी आणली, आणि तासभर दगड घासला. घाम गाळला. दगड कोरा करून सोडला.

फादर आले, बघितलं, आणि पायरीवर बसले. पहिल्यांदा मला वाटलं त्यांना चक्कर आली. मग दिसलं की ते हसताहेत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बाई," ते म्हणाले, "बिशपांनी एवढी मेहनत घेतली नव्हती." मग शांतपणे सांगितलं की तेल दगडात मुरायला घातलं होतं, ते धुऊन जात नाही, तुम्ही सोडा घाला नाहीतर ॲसिड. दगड एकदा वेदी झाला की झाला. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. पुढच्या रविवारी वाचायला उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा दहा मोजले.

फादर आमच्याकडे काही वर्षं राहिले. वेदीवरची कापडं ते नारपोलीतूनच घ्यायचे, कोरं कापड, लूमवरून उतरलेलं, नुसतं धुऊन इस्त्री केलेलं. शिवायची मी. तिथून ते आणखी कुठे कुठे गेले, आणखी चर्चं बांधली, कुठे डोंगरात, कुठे खाडीकाठी. प्रत्येक ठिकाणी आधी लोकांच्या घरी जेवायला जायचे म्हणे. दोन चर्चं सारखी नाहीत. मला विचाराल तर त्यांनी चर्चं बांधलीच नाहीत, माणसं कशी बसतात तेवढं मोजून त्यावर छप्पर घातलं.

यजमान गेले तेव्हा फादर दुसरीकडे होते. शवपेटी वेदीसमोर ठेवली. मी पहिल्या पायरीवर. नेहमीसारखी मान वर केली आणि समोर बघते तर सगळी माणसं. लूमवरचे त्यांचे सोबती, आमच्या धर्माचे नसलेलेही, मांडी घालून. दवाखान्यातली केरळची नर्सबाई. पाड्यावरची ती मावशी, तेव्हा ती पार वाकली होती, ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि मी रडले की ती रडत होती, मी थांबले की थांबत होती. लपायला जागा नाही म्हणून ज्या चर्चविरुद्ध मी अर्ज केला होता, तिथे त्या दिवशी लपायला जागा नव्हती म्हणून मी निभावले. याहून जास्त मला उपासना कळलेली नाही.

आता गेल्या वर्षाचं.

नवे फादर तरुण आहेत, चांगले आहेत, दुखणाइताकडे मोटरसायकलवर रात्री-अपरात्री जातात. चर्चचा कारभार बघणारी पॅरिश कमिटीही चांगली. माझा मुलगा त्यात आहे, मानकोलीला गोदामात सुपरवायझर, दिवसभर कंटेनर मोजतो आणि रविवारी कमिटी. वाईट माणूस एकही नव्हता, हीच तर अडचण होती. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. कौलं गळतात. उन्हाळ्यात जीव जातो. म्हाताऱ्यांना पायऱ्यांवर बसता येत नाही, मी स्वतः दोन वर्षं बाजूला खुर्ची टाकून बसते. मुलाने फोनवर चित्र दाखवलं. एसी, सपाट छत, त्यात लपवलेले दिवे, बाकांच्या रांगा, आणि पार पलीकडे भिंतीशी सोनेरी वेदी. बाहेर मनोरा.

"कसं वाटतंय, आई?"

"लग्नाच्या हॉलसारखं."

"तू म्हणजे ना..."

"अरे, एसी लावा, कौलं काढा, कडेने बाकं टाका. पण वेदी मधेच असू दे. लोकांना एकमेकांची तोंडं दिसू देत."

"आई, लोकांना फादर दिसले पाहिजेत. तोंडं कशाला बघायची? तोंडं व्हॉट्सॲपवर दिसतात."

चर्च पाडून नवं बांधायच्या ठरावाची सभा चर्चातच भरली, तिथे मी बोलायला उठले. रात्रभर मुद्दे लिहून काढले होते, हातात कागद होता. पण मी उठले की लोक आधीच हसायला लागतात. जन्मभर मी यांची थट्टा केली, कुणाच्या टोपीची, कुणाच्या गाण्याची, त्याची ही शिक्षा. मी म्हटलं, "हे चर्च ज्यांनी बांधलं त्यांनी आधी तुमच्या घरात जेवायला बसून..." कुणीतरी म्हणालं, "आजी, जेवणाचं शेवटी घेऊ." हशा. मी म्हटलं, "वेदी लांब नेली की देव लांब जातो." कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आजी, माइक लावलाय ना, ऐकू येईल त्याला." पुन्हा हशा. हसण्यात काही वाईटपणा नव्हता. त्यांना वाटत होतं मी रंगात आले आहे.

मग सेक्रेटरींनी जुनी फाईल उघडली. "आता एक गंमत," ते म्हणाले. "ही मागणी आजची नाही. हे चर्च बांधलं त्याच वर्षी आपल्या लोकांनी बिशपांना लिहिलं होतं. ऐका." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. सदर इमारत चर्चसारखी दिसत नसून. वेदी भिंतीशी न्यावी व सोनेरी करावी. मनोरा असावा, तो लांबून दिसावा.

माझाच अर्ज. सहाच्या सहा कलमं. आणि ते वाचतही चांगले होते.

"लिहिणाऱ्याची सही वाचता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे फिरवला. माझ्या सुनेच्या हातात आला. ती म्हणाली, "अय्या, हे तर लोणच्याच्या बरण्यांवरचं अक्षर!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. त्या चर्चात मान वळवायलाही लागत नाही.

"हो, मीच लिहिला," मी म्हणाले. "पण तेव्हा मी गाढव होते."

चर्च दणाणलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. "नाही हो, खरंच," मी म्हणत होते, "मला काही कळत नव्हतं, त्या अर्जातलं सगळं चूक आहे," आणि जितकं खरं बोलले तितके लोक हसले. नवे फादर उठून आले, माझे हात हातात घेतले, त्यांच्या डोळ्यांत पाणी. "आजी, पन्नास वर्षं थांबलात तुम्ही! पायाभरणीची पहिली वीट तुमच्याच हातून." ठराव एकमताने. माझा मुलगा अभिमानाने बघत होता. लहानपणी त्याला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मी तसंच बघितलं असेन.

एकच वाट उरली होती. ज्यांनी चर्च बांधलं त्यांनीच बिशपांना चार ओळी लिहिल्या तर बिशप थांबवतील, असं मला वाटत होतं. आमचे जुने फादर आता वसईकडे म्हाताऱ्या फादरांच्या घरात राहतात. नव्वदीच्या आसपास. कान ठीक, डोळे बरे, हात कापतात. मी गाडीने गेले. नवा आराखडा पिशवीत होता, सुनेने छापून दिला होता, तिला वाटलं मी आशीर्वाद घ्यायला चालले.

मी सगळं सांगितलं. अर्जाचंही. त्यांनी हसावं म्हणून ते जरा रंगवूनच सांगितलं. ते हसले नाहीत. आराखडा मांडीवर पसरला. बोटाच्या नखाने बाकांच्या रांगांवरून रेघ ओढत राहिले, एकीवरून, मग दुसरीवरून.

"पेन्सिल आहे का?"

मला वाटलं, आता लिहिणार. मी वही पुढे केली. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि आराखड्यावरच वाकले. हात इतका कापत होता की रेघ मुंगीसारखी जात होती. "इथे पोर्चमध्ये खांब आहे," ते म्हणाले. "मयताची पेटी वळणार नाही. खांदेकऱ्यांना ती उभी करावी लागेल. खांब दोन हात सरकवायला सांगा. आणि वाचनाची जागा दिव्याच्या मागे आहे. वाचणाऱ्याच्या कागदावर सावली येईल."

"फादर, तुम्ही हे सुधारताय कशाला? मोडायचंय ते! बिशपांना लिहा."

"लिहिलं तर थांबेल, बाई?"

"थांबेल. तुमचं ऐकतील."

"मग रविवारी काय होईल? तुमचा मुलगा एका दरवाज्याने येईल, ते तरुण फादर दुसऱ्या. कमिटी तिसऱ्या. आणि मधे वेदी. एकमेकांच्या समोर बसतील, आणि बघणार नाहीत. त्यासाठी ते बांधलं नव्हतं."

मला इतका राग आला. म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. हात मांडीवर दाबून धरला, कापणं थांबावं म्हणून. "सगळ्यांत बरं झालेलं तेच होतं," ते म्हणाले. "बाकीच्यांत काही ना काही राहिलं."

एवढंच. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण फादरांच्या खांद्यावर हात ठेवायची आम्हाला सवय नाही. निघताना ते म्हणाले, "वेदीचा दगड. तो बागेत बसायला किंवा पायरीला लावतील. तेवढं होऊ देऊ नका. वेदीचं दुसरं काही करत नाहीत. जमिनीत पुरतात."

मी आराखडा सेक्रेटरींना दिला. "वा, फादरांनी बघितला!" ते म्हणाले आणि फोटो काढून सगळ्यांना पाठवला, खाली हात जोडलेली चित्रं. पेन्सिलीच्या रेघा त्यांना दिसल्या नाहीत. मी खांबाचं सांगितलं. इंजिनीअर म्हणाला, खांब आता हलत नाही, आजी. मी म्हटलं, मग मला उभीच न्या आत, मी तशीही आडवी पडून कुणाचं ऐकलं नसतं. हसले सगळे.

पाडायला सुरुवात झाली तेव्हा मी रोज खुर्ची टाकून बाहेर बसायचे. मुलगा म्हणायचा, "आई, धूळ आहे, घरी चल." कौलं आधी गेली. मग भिंती. वेदी शेवटपर्यंत उन्हात उभी होती, नुसती. कमिटीने ठरवलं होतं की दगड गेटजवळ ठेवायचा, म्हाताऱ्यांना टेकायला. माझ्यासाठीच, असं म्हणाले. मी नाही म्हटलं तर त्यांना वाटलं मी संकोच करते आहे.

शेवटी मी मिस्त्रीलाच गाठलं. उत्तरेकडचा माणूस, दाढी पांढरी, दुपारी नमाजाला जायचा. मला नीट हिंदी येत नाही, भिवंडीत पन्नास वर्षं राहून. म्हटलं, "भैया, ये पत्थर बैठने का नहीं है."

त्याने दगडावर हात फिरवला. "इबादत का है, अम्मा?"

"हां."

"तो पैर कैसे लगेगा इसको." जणू ही विचारायची गोष्टच नव्हती. "भरनी में डाल देता हूँ, नीचे. सीधा लिटा के."

कमिटी दुपारी जेवायला गेली तेवढ्यात त्याने चार माणसं लावली आणि दगड जिथे उभा होता तिथेच खड्ड्यात सरळ आडवा झोपवला, पाठ खाली, तोंड वर. वरून मुरूम. कमिटी परत आली तेव्हा मिस्त्री म्हणाला, तुटला, भरावात गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसून काही मिळवलं, आणि मिळवलं काय, तर दगड पुरला.

मग पायाभरणी. नवी साडी, गळ्यात हार, चांदीची थापी. मी वीट ठेवली. फोटो आहेत. फोटोत मी हसते आहे, मला फोटोत हसल्याशिवाय राहता येत नाही.

नवं चर्च झालं. गार असतं. म्हातारी माणसं आरामात बसतात, मीसुद्धा, ते नाकारून चालणार नाही. दगड कुठे आहे ते मला आणि मिस्त्रीला ठाऊक, आणि मिस्त्री आता दुसऱ्या साइटवर आहे. मोजून बघितलं तर डावीकडच्या चौथ्या रांगेखाली येतो. मी तिथे बसते. वाचन माझी नात करते, कागदावर सावली पडते, ती कागद तिरका धरते.

फादरांना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, "दगड?"

"पुरला."

"आणि तुम्ही कुठे बसता?"

मी सांगितलं.

"तिथून काय दिसतं?"

खोटं बोलायचं मनात होतं, पण या माणसाशी मला कधी जमलं नाही.

"समोरच्या बाईचा अंबाडा," मी म्हणाले.